तरतुदीतले दैव

गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माच्या सिद्धीला अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव अशी पाच कारणे सांगितली आहेत, आणि त्यांत दैवाचा क्रम पाचवा आहे. पहिल्या चारांचा झाडा घेतल्यावाचून पाचव्याकडे वळू नये, असा अर्थ मी त्यातून काढतो. कारखान्यात प्रेसखाली एखाद्याचा अंगठा गेला म्हणजे मात्र ही परिगणना उलट टोकाकडून सुरू होते, आणि शेडमधला अपुरा उजेड, लागोपाठ दुसऱ्या पाळीला उभा केलेला मनुष्य, काम झपाट्याने उरकावे म्हणून काढून ठेवलेले संरक्षक झाकण, यांचा पंचनामा होण्यापूर्वीच ‘नशीब त्याचे’ म्हणून प्रकरण दप्तरी दाखल होते.

परंतु त्याच कारखान्याच्या वह्यांत हे नशीब आगाऊ मांडलेले असते. एकेकटी घटना कितीही अनिश्चित असली तरी पुष्कळ घटनांचे प्रमाण स्थिर होत जाते, हे याकोब बेर्नुलीच्या 1713 साली मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाने सिद्ध केले; त्याच पायावर मागील वर्षांचे दावे चाळून, किरकोळ अपघातांचा बोजा स्वतःच्या तिजोरीतून किती सोसावा आणि कोणत्या रकमेपलीकडचा विमा कंपनीकडे सोपवावा, याची तजवीज होते. 1923 च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात अंगठ्याबद्दल अर्जनशक्तीचा 30 टक्के ऱ्हास धरला. महिना 15,000 रुपये वेतनाचे कायद्याप्रमाणे 60 टक्के आणि पंचवीस वर्षांचे वय धरून, त्या वयाचा 216.91 हा गुणक लावला, तर 5,85,657 रुपये होतात. अपघात झालेला नाही, कोणाचा होणार हेही ठाऊक नाही, आणि रक्कम तयार आहे!

विमागणिती आणखी एक निधी राखून ठेवतो : नुकसान घडून चुकले, पण दावा अद्याप रुजू झाला नाही, अशांसाठी. आज श्वासावाटे गेलेली सिलिकाची धूळ पुष्कळ वर्षांनी क्षयासारखी खोकू लागते. वेदान्त्याला येथे संचिताची आठवण व्हावी. मात्र संचित ज्याचे त्यालाच भोगावे लागते, आणि येथे धूळ उडवणारा एक, खोकणारा दुसरा. केलेल्याचे फळ न मिळणे हा कृतनाश, न केलेल्याचे मिळणे हा अकृताभ्यागम. हे दोन दोष ज्या व्यवस्थेत येतात ती आपल्या दार्शनिकांनी त्याज्य ठरवली. जी हानी मालकाने ताळेबंदात गृहीत धरली, तिला दैव म्हणण्याचा त्याचा अधिकार संपला, असे माझे मत आहे.

म्हणून गणित वाईट, असे नव्हे. तरतूदच न करणारा मालक अधिक निंद्य. दाव्यांच्या इतिहासाप्रमाणे विम्याचा हप्ता चढतो तेव्हा निष्काळजीपणाचे थोडे फळ कर्त्याच्या पदरी येते, आणि बहुतेक दावे एकाच प्रेसचे आहेत असे आकडे सांगू लागले की ते झाकण जागेवर बसवण्याचा हिशेबही जमतो. कर्मचारी राज्य विमा योजनेत मात्र 2019 पासून मालकाचा वाटा वेतनाच्या 3.25 टक्के आहे. झाकण बसवणाऱ्यालाही तोच, काढणाऱ्यालाही तोच.