निवड आणि बंदी

आमच्या ठाकुर्लीशेजारच्या कल्याणात १८६४ पासून सार्वजनिक वाचनालय आहे. अशा ठिकाणी वा शाळेत पुस्तके, माहितीपट घेताना निवड कोठे संपते आणि बंदी कोठे सुरू होते? ख्रिस्तसभा हा धडा उशिरा शिकली. गॅलिलिओचा ग्रंथ १६३३ मध्ये निषिद्ध ठरला. १८३५ च्या यादीतून तो वगळला गेला. दोनशे वर्षे पृथ्वी फिरतच होती! त्या यादीचे बंधनच १९६६ मध्ये संपले.

मग बालकांच्या हाती काहीही द्यावे काय? नाही. पैसा, जागा व वाचकाचे वय ही प्रामाणिक कारणे होत. परंतु नाकारण्याचे कारण वाचकासमोर उघडपणे सांगता येत नसेल, तर आपण भीतीपोटी नाकारीत आहोत, हे ओळखावे. श्रद्धेने सत्याला भिऊ नये.