क्रमांक आणि व्यासंग

विद्या स्पर्धेनें वाढते कीं खुरटते, हा प्रश्न पुणेकरांस नवा नाहीं. १८९९ सालीं रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे केंब्रिजच्या गणित-परीक्षेंत पहिल्या क्रमांकाचे मानकरी झाले (त्या मानांत दुसराहि एक विद्यार्थी वांटेकरी होता, हें आपण सोईस्करपणें विसरतों) आणि 'रँग्लर' हा शब्द महाराष्ट्राच्या घराघरांत गेला. परंतु त्या क्रमांकासाठीं खासगी शिकवणी लावून, ठराविक धाटणीचीं उदाहरणें घड्याळापुढें सोडविण्याची तालीम करावी लागे. हार्डीसारख्या गणितज्ञांस या शर्यतीचा वीट आला, आणि १९०९ नंतर गुणानुक्रमें नांवें जाहीर करण्याची प्रथा तेथें बंद पडली.

तीच शर्यत पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजांतील मुलें आज संगणकावर धावत आहेत. तिला 'स्पर्धात्मक प्रोग्रॅमिंग' म्हणतात. प्रश्न मिळतो, मर्यादा मिळतात, दोन-तीन तासांची मुदत मिळते. लिहिलेला प्रोग्रॅम यंत्ररूपी परीक्षकाकडे पाठवावा, आणि त्यानें तो गुप्त उदाहरणांवर चालवून कांहीं क्षणांत निकाल सांगावा. महाविद्यालयांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेंत तर तिघांत मिळून एकच संगणक आणि वेळ पांच तासांचा.

या तालमीस केवळ खेळ म्हणून हिणविणें अन्यायाचें होईल. एक लाख संख्यांतून अमुक एक बेरीज होईल अशी जोडी शोधावयाची आहे, असें समजा. प्रत्येकीची गांठ प्रत्येकीशीं घालूं गेल्यास सुमारें पांचशें कोटी जोड्या तपासाव्या लागतील. त्याच संख्या आधीं चढत्या क्रमानें मांडून एक बोट आरंभीं व दुसरें शेवटीं ठेवावें. बेरीज कमी पडली तर पहिलें पुढें, जास्त झाली तर दुसरें मागें. लाखभर पावलांत निकाल लागतो. कष्ट आणि विचार यांतील अंतर इतक्या उघडपणें दाखविणारें शिक्षण आमच्या पाठांतरप्रिय शाळांत क्वचितच मिळतें. शिवाय तो परीक्षक कोणाचें आडनांव विचारीत नाहीं. मुलगा सदाशिव पेठेंतला कीं जत तालुक्यांतला, याची त्याला दाद नाहीं. आपल्या समाजांत ही गोष्ट लहान नव्हे.

तरीहि एक उणीव राहतेच. येथें प्रश्न दुसऱ्यानें निवडलेला असतो, आणि त्याचें उत्तर आहे हेंहि आधींच ठरलेलें असतें. प्रश्न निवडण्याची जबाबदारी विद्यार्थ्यावर कधींच पडत नाहीं.

याच फर्ग्युसन कॉलेजांत, जेथें परांजपे प्राचार्य होते, दत्तात्रय रामचंद्र कापरेकर शिकले आणि १९२७ सालीं परांजप्यांच्याच नांवाचें गणिताचें पारितोषिक त्यांना मिळालें. पुढें देवळालीस शाळामास्तर होऊन त्यांनीं जन्मभर स्वतःच स्वतःस प्रश्न घातले. चारहि अंक सारखे नसतील अशी कोणतीहि चार अंकी संख्या घ्यावी. तिचे अंक उतरत्या व चढत्या क्रमानें मांडून वजाबाकी करावी. बाकीवर पुन्हां तेंच करावें. फार तर सात वजाबाक्यांत ६१७४ येते. परांजप्यांचें १८९९ हें सालच घ्या : ८०८२, ८५३२, ६१७४. आजचे नवशिके विद्यार्थी हाच प्रोग्रॅम सरावासाठीं लिहितात; पण हा प्रश्न कापरेकरांस कोणीं घातला नव्हता.

मग स्पर्धा सोडून सर्वांनीं आपापले छोटे प्रकल्प करावे काय? मला तें तितकेंसें पटत नाहीं. स्वतःच प्रश्न काढणारा स्वतःसच उत्तीर्णहि करतो, आणि असे अर्धवट टाकलेले प्रकल्प प्रत्येकाच्या संगणकांत पडलेले असतात. खरी कसोटी लागते ती त्या प्रोग्रॅमवर दुसरें कोणी विसंबल्यावर. पेठेंतल्या एखाद्या लहान वाचनालयाची देवघेव-वही संगणकावर घ्यावयास बसा. एकच वर्गणीदार दोन तऱ्हांनीं लिहिलेला सांपडतो. पुस्तक परत आलें पण नोंद राहिली. ग्रंथपालबाईंच्या लक्षांत असलेली सवलत वहींत कोठेंच नाहीं. मर्यादा कोणी लिहून दिलेल्या नसतात, त्या विचाराव्या लागतात. चूक झाली तर गुण जात नाहींत. एखाद्या आजीबाईंना नाहक दंड होतो, आणि त्या बोलूनहि दाखवीत नाहींत. वर्षभरानें तोच प्रोग्रॅम उघडून दुरुस्त करण्याचें कंटाळवाणें काम त्याच मुलावर येतें. हें काम तो करतो कीं टाळतो, हें कोणत्याहि क्रमवारींत दिसत नाहीं.

हा विचार आतां अधिकच निकडीचा झाला आहे. २०२५ सालीं बाकू येथें झालेल्या त्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम फेरींतील बाराहि प्रश्न एका कृत्रिम बुद्धीच्या यंत्रणेनें सोडविले. आपल्या खोलींत बसून स्पर्धा देणाऱ्या मुलास यंत्राकडून उत्तर लिहवून घेणें आज सहज शक्य आहे, आणि परीक्षकयंत्रास प्रोग्रॅम बरोबर आहे एवढेंच कळतें, तो कोणाचा आहे हें कळत नाहीं. जो मुलगा तरीहि दोन तास त्या लाख संख्यांशीं झुंजत बसतो, तो क्रमांकानें मागें पडेल. वाचनालयासाठीं यंत्रानें लिहिलेला प्रोग्रॅम उद्यां त्याच्यापुढें आला, तर त्यांत आजीबाईंचा दंड कोठें चुकतो हें मात्र त्यालाच शोधतां येईल. त्याचे आईबाप संध्याकाळीं त्याला रेटिंग किती झालें तेवढें विचारतात.