बसलेल्या भक्ताला चार शब्द

दत्तभक्तहो, सत्तरी ओलांडलेली मंडळी मला हमखास सांगतात, "आता बसल्या जागी नामस्मरण करतो." नामस्मरणाला माझी ना नाही. बसून राहण्याला आहे. काहीजण तर अवधूताच्या चोवीस गुरूंतला अजगरच पुढे करतात! अहो, भागवताच्या एकादश स्कंधातला तो अजगर मिळेल त्यात समाधान शिकवतो. जिभेची हाव आवरायची, पाय नव्हेत. यदुराजाला अवधूत भेटला तोच मुळी हिंडताना.

आपलं दैवतच फिरतं. काशीला स्नान, कोल्हापुरी भिक्षा, माहुरी निद्रा. टेंबे स्वामी महाराज माणगावचे. नर्मदाकाठी गरुडेश्वरी 1914 साली समाधिस्थ होईपर्यंत किती मुलूख पायी तुडवला!

आता देहाचं ऐका. आपला तोल डोळे, कानाच्या आतलं इंद्रिय आणि तळपायाची जाण या तिघांवर, आणि पायांच्या बळावर उभा असतो. एकदा पडलं की भीती बसते. भीतीनं चालणं सुटतं, चालणं सुटलं की मांड्या-पोटऱ्या सुकतात, आणि माणूस पुन्हा पडतो. खरा घात इथे होतो. मग देवळाची पायरी सुटते, चार माणसं सुटतात. जागतिक आरोग्य संघटना पासष्टीपुढच्यांना आठवड्याला निदान 150 मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल सांगते, शिवाय तीन दिवस तोलाचा आणि ताकदीचा व्यायाम.

प्रदक्षिणेत वळावं लागतं, आणि वळताना तोलाचा कस सरळ चालण्यापेक्षा जास्त लागतो. म्हणून सावकाश घाला, संख्येची घाई नको. नमस्काराला खाली बसून उठणं हीसुद्धा मोठी कमाई. जमत नसेल तर खांबाला धरून उठा. वाडीच्या घाटावर ओल्या पायरीवर मात्र एकट्यानं धाडस नको. मधुमेहानं तळपाय बधिर झाले असतील तर तापल्या फरशीवर अनवाणी जाऊ नका. चक्कर येत असेल, नुकतेच पडला असाल, तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि काठीची लाज कसली? श्रीगुरूंच्या हातीही दंड आहेच की!

लेकी-सुनांनो, "आजोबा, तुम्ही बसा, आम्ही आणतो" हे प्रेमानंच म्हणता, ठाऊक आहे. पण पाण्याचा तांब्या त्यांना उठून घेऊ द्या. दत्तजयंतीला पालखी निघेल तेव्हा त्यांना खुर्चीवर बसवून जाऊ नका. हात धरा, पहिल्या वळणापर्यंत तरी सोबत चाला.