अंगठा उठत नाही

सोलापूरच्या पूर्वभागात विड्या वळणाऱ्या बायका घरोघर आहेत. मजुरी हजारावर. तेंदूपत्ता कापायचा, तंबाखू भरायची, दोरा गुंडाळायचा. चाळीस वर्षं हेच केलं की बोटांच्या रेषा झिजतात.

शेजारच्या अक्कांना पेन्शनसाठी हयातीचा दाखला हवा होता. यंत्राने सहा वेळा नकार दिला. "अंगठा उठत नाही," काउंटरवरचा मुलगा म्हणाला. अक्कांनी अंगठा पदराला पुसला, जणू चूक त्यांचीच.

एकेकाळी ज्याला सही येत नाही त्याच्यासाठी अंगठा होता. अंगठेबहाद्दर म्हणून आपण हसायचो, पण कागद पुढे सरकायचा. आता तोही परीक्षेला बसतो. 'वंचितांपर्यंत तंत्रज्ञान पोचवू' असं आपण म्हणतो, तेव्हा उणीव माणसात आहे हे आधीच ठरवून टाकतो. मला ते पटत नाही. कष्टाने झिजलेलं बोट ज्याला वाचता येत नाही, ते यंत्र अडाणी.

याच जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आणले; २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार त्यांना मिळाला. पण कोड उघडायलाही घरात फोन लागतोच.

२०२१ पासून हा दाखला चेहऱ्यावरूनही निघतो. शेवटी माझ्याच फोनवर प्रयत्न केला. पडद्यावर सूचना आली, डोळे मिचकावा. फोटो काढताना डोळे मिटायचे नाहीत, हे अक्का जन्मभर ऐकत आलेल्या. त्या टक लावून बघत राहिल्या.