अलिखित पोशाख

जेथे पोशाखाविषयी नियम असतो तेथे उमेदवाराची अडचण फार तर पैशाची असते. परंतु जेथे नियम नाही असे सांगितले जाते आणि तरीही पोशाखावरून माणसाची पारख होतच राहते, तेथे ती अडचण अनुभवाची, परिचयाची आणि पुष्कळदा जन्माचीही होऊन बसते. हिंजवडीच्या किंवा खराडीच्या एखाद्या सॉफ्टवेअर कंपनीच्या प्रवेशद्वाराशी सकाळी दहाच्या सुमारास उभे राहिले, तर आत जाणाऱ्या तरुण-तरुणींच्या गळ्यातील ओळखपत्रांखेरीज एकसारखे असे काही दिसत नाही. कोणी जीन्स आणि टी-शर्टमध्ये, कोणी कुडत्यात, कोणी कॅनव्हासच्या बुटांत, तर ज्याच्या हाताखाली शेकडो माणसे काम करतात असा एखादा अधिकारी कधी अर्ध्या विजारीतही. याच दारातून मुलाखतीसाठी आत जाणाऱ्या परभणीच्या किंवा गडहिंग्लजच्या मुलाला जे पत्र आलेले असते त्यात तारीख, वेळ, पत्ता आणि सोबत आणावयाच्या कागदपत्रांची यादी असते. पोशाखाविषयी एक अक्षर नसते.

या मुलाला पोशाखाचे जे शिक्षण मिळालेले असते ते त्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाने दिलेले असते, आणि ते बहुधा पांढरा शर्ट, काळी विजार, टाय, चकाकणारे काळे बूट आणि जमल्यास ब्लेझर एवढ्यात आटोपते. वसतिगृहातील एकच ब्लेझर एका आठवड्यात तीन-चार मित्रांच्या अंगावर चढतो, टायची गाठ ज्याला येते तो सर्वांच्या गाठी बांधून देतो, आणि हा सारा सरंजाम करून मुलगा जेव्हा त्या काचेच्या इमारतीत शिरतो, तेव्हा समोर टी-शर्ट घातलेले तिघे परीक्षक पाहून, आपण प्रामाणिकपणे पाळलेला शिरस्ता येथे परकेपणाची खूण ठरत आहे, हे त्याच्या ध्यानात यावयास वेळ लागत नाही. उलट, आधीच कोणाकडून ऐकून तो साध्या कपड्यांत गेला, तर त्या साधेपणाची नेमकी मर्यादा कोणती, कोणता टी-शर्ट सुसंस्कृत आणि कोणता गबाळा, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. ज्याचा मोठा भाऊ, मावशी किंवा वडिलांचे स्नेही अशा कचेरीत काम करतात त्याला हे न विचारता कळते. माझ्या मते या प्रश्नाचा सारा गाभा येथे आहे.

सैल पोशाखाची ही रीत म्हणजे बंधनांचा आपोआप झालेला लोप होय, असा एक समज आहे. तिचा इतिहास मात्र वेगळे सांगतो. १९६६ च्या सुमारास हवाई बेटांवर शुक्रवारी फुलाफुलांचा शर्ट घालून कचेरीत येण्याची चाल रूढ झाली, आणि तीमागे तेथील कपडे-व्यावसायिकांनी चिकाटीने चालवलेला प्रचार होता. पुढे अमेरिकेच्या मुख्य भूमीवर शुक्रवारच्या या मोकळिकीमुळे नक्की काय घालावे याचा गोंधळ उडाला, तेव्हा जीन्स आणि खाकी विजारी विकणाऱ्या लेव्ही स्ट्रॉस कंपनीने १९९२ मध्ये कचेरीतील अनौपचारिक पोशाखाची एक मार्गदर्शक पुस्तिका छापून ती सुमारे २५,००० मनुष्यबळ-अधिकाऱ्यांकडे धाडली. पांढरा शर्ट आणि गडद सूट ही जिची जगभर ओळख होती त्या आयबीएमने १९९५ मध्ये आपला दंडक सैल केला. आपल्याकडे, १९८१ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या इन्फोसिसने २०१५ मध्ये आठवड्याचे सर्व दिवस साध्या पोशाखाची मुभा दिली. आणि २०१९ मध्ये गोल्डमन सॅक्ससारख्या सनातनी पेढीनेही तोच मार्ग धरला. या कंपन्यांत मोकळीक वरून आलेल्या फर्मानाने मिळाली, आणि तिचा अर्थ लावण्याचे काम मात्र खालच्यांवर पडले. टाय घालण्याचा हुकूम एका वाक्यात देता येतो आणि एका वाक्यात पाळताही येतो. 'योग्य वाटेल ते घाला' या वाक्यातील योग्यता कोणी ठरवावयाची, हे त्या वाक्यात कोठेच सांगितलेले नसते.

याच संदर्भात एक गोष्ट वारंवार विसरली जाते, ती ही की साधेपणाचे मोल साधेपणात नसून तो पत्करणाऱ्याच्या हुद्द्यात असते. २०१२ मध्ये फेसबुकचे भाग बाजारात आणण्यापूर्वी मार्क झुकरबर्ग न्यूयॉर्कच्या धनिकांपुढे हुडी घालून गेला, तेव्हा एका विश्लेषकाने त्याला अपरिपक्व म्हटले आणि पुष्कळांनी त्या टीकेचीच टर उडवली. परंतु त्याच्याच कंपनीत पहिली नोकरी मागावयास आलेला मुलगा तीच हुडी घालून आला असता, तर तिच्यात कोणाला तत्त्वज्ञान दिसले असते असे मला वाटत नाही. ज्याला काही सिद्ध करावयाचे उरलेले नाही त्याला वस्त्रांविषयी उदासीन राहता येते. मात्र अत्युच्च पदावरील माणसालाही आपल्याहून वरिष्ठापुढे हा अधिकार राहत नाही, याचा दाखला १९११ च्या दिल्ली दरबारात मिळाला: नियमाप्रमाणे अपेक्षित असलेली रत्नभूषणे न घालता, साध्या पांढऱ्या पोशाखात बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड ब्रिटिश बादशहापुढे गेले, आणि तेथील त्यांच्या एकंदर वर्तनावर इंग्रजी वृत्तपत्रांनी असा गहजब केला की त्या स्वाभिमानी राजाला व्हाइसरॉयकडे खुलासा पाठवावा लागला.

महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनाने या विषयावर जेवढा खोल विचार आचरणातून मांडला आहे, तेवढा क्वचितच अन्यत्र मांडला गेला असेल. २ मार्च १८८८ रोजी पुण्यात हरी रावजी चिपळूणकरांनी ड्यूक ऑफ कॅनॉटच्या सन्मानार्थ समारंभ केला, तेव्हा जरीच्या वस्त्रांनी आणि दागिन्यांनी नटलेल्या त्या मंडळीत जोतीराव फुले शेतकऱ्याच्या वेषात येऊन बसले, आणि या सभेवरून देशाची पारख करू नये, खरी प्रजा खेड्यांत आहे, असे त्यांनी राजपुत्राला सांगितले. जोतीराव दरिद्री नव्हते. ते खडकवासल्याच्या धरणाच्या कामावरील कंत्राटदार होते, पुणे नगरपालिकेचे सदस्य राहिलेले होते, आणि चांगला पोशाख त्यांना सहज करता आला असता. त्या वेषाला अर्थ आला तो त्यामुळेच.

बाबासाहेब आंबेडकरांचा मार्ग वरकरणी याच्या अगदी उलट दिसतो. ज्या समाजाला चांगले वस्त्र अंगावर घालण्यास शतकानुशतके मज्जाव होता, त्या समाजातून आलेल्या या पुरुषाने नीटस शिवलेला सूट हा आपला नित्याचा पोशाख केला, आणि डिसेंबर १९२७ मध्ये महाडला जमलेल्या स्त्रियांना, जातीची ओळख पटवणारे लुगडे नेसण्याचे वळण आणि तसले दागिने टाकून द्या, इतर स्त्रियांसारखे पायघोळ लुगडे नेसा, असा उपदेश केला. त्या स्त्रियांनी तो तत्काळ अमलातही आणला. सुटाने सारे दरवाजे उघडले असे मुळीच नाही. परदेशातील विद्या घेऊन १९१७ मध्ये बडोद्याच्या नोकरीवर रुजू झालेल्या या विद्वानाला त्या शहरात राहावयास जागा मिळाली नाही, आणि पारशी धर्मशाळेतून लोकांनी त्यांना बाहेर काढले. पण वस्त्र हे संरक्षण नसले तरी हक्काचे निवेदन असू शकते, हे त्यांनी जाणले होते. म्हणून दलित, भटक्या किंवा अल्पभूधारक शेतकऱ्याच्या घरातून प्रथमच अशा कचेरीत पाऊल टाकणारा मुलगा कोट घालून आला, तर त्याला जुनाट समजणाऱ्या परीक्षकाने क्षणभर थांबून विचार करावा. त्या कोटामागे आईबापांनी काढलेली उचल असेल, आणि आपण येथे बरोबरीच्या नात्याने आलो आहोत हे सांगण्याची त्याच्यापाशी असलेली तेवढीच भाषा असेल.

स्त्रियांच्या बाबतीत प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे, कारण त्यांना कचेरीचा गणवेश असा कधी लाभलाच नाही. पुरुषाच्या शर्ट-विजारीला जे सर्वमान्य स्थान मिळाले ते साडीलाही मिळाले नाही आणि सलवार-कमीजलाही नाही. साडी नेसून गेलेली मुलगी अशा कचेरीत वयापेक्षा प्रौढ आणि एखाद्या समारंभाला आल्यासारखी दिसते, विजार आणि शर्ट घातलेली मुलगी गावी वडीलधाऱ्यांच्या नजरेत खटकते, आणि टिकली, मंगळसूत्र, बांगड्या यांवरून लग्नाविषयीचे आणि पुढील रजांविषयीचे जे अंदाज मनातल्या मनात बांधले जातात त्यांचा तिच्या कामाशी काडीचा संबंध नसतो. पुरुष उमेदवाराला एक निर्णय घ्यावा लागतो तेथे तिला पाच घ्यावे लागतात, आणि पाचांपैकी प्रत्येकावर कोणाचे तरी मत असते.

अशा स्थितीत उमेदवाराने काय करावे? मला योग्य वाटणारी रीत अशी की त्या कचेरीतील माणसे रोज जे घालतात त्याच्या एक पायरी वरचे आपण घालावे, दोन पायऱ्या वरचे नव्हे. जेथे टी-शर्ट आहे तेथे कॉलरचा शर्ट. जेथे विटलेली जीन्स आहे तेथे साधी सुती विजार किंवा न फाटलेली गडद जीन्स. पायांत स्वच्छ, बंद बूट. मुलीने सुती कुडता किंवा शर्ट-विजार यांपैकी ज्यात ती एरवी सहज वावरते ते घालावे, आणि साडी हा जिचा रोजचा पोशाख आहे तिने साडीच नेसावी. परीक्षक टी-शर्टमध्ये असला म्हणून आपणही तसेच जावे हा युक्तिवाद टिकत नाही. यजमान घरच्या कपड्यांत दार उघडतो म्हणून पाहुणा तशा कपड्यांत येत नाही, आणि त्यात यजमानाला वावगे वाटत नाही. कपडे नवे असण्यापेक्षा अंगाला बसणारे, धुतलेले आणि इस्त्री केलेले असावेत, आणि नवेच असतील तर ते आदल्या दिवशी घालून, बसून, चालून पाहावेत. कारण गळ्याशी आवळणारा शर्ट घातलेल्या माणसाचे अर्धे लक्ष त्या शर्टाकडेच असते. मुंबईत लोकलमधून जाणाऱ्याने अर्धा तास आधी पोहोचावे, म्हणजे घाम टिपून चुरगळलेले कपडे सारखे करावयास अवसर मिळतो. आणि शंका असेल तर मुलाखतपत्र पाठवणाऱ्यालाच दोन ओळी लिहून विचारावे. या विचारण्यात कमीपणा नाही. कामावर रुजू झाल्यावरही, जे ठाऊक नाही ते वेळीच विचारणारा माणूसच उपयोगी पडतो.

परंतु एवढे सांगून सारा भार उमेदवाराच्या खांद्यावर टाकणे मला न्याय्य वाटत नाही. माणूस आमच्या वातावरणाशी जुळतो की नाही हे पोशाखावरून कळते, असे काही अधिकारी मोठ्या विश्वासाने सांगतात. त्यावरून कळते ते इतकेच, की उमेदवाराचा अशा वातावरणाशी पूर्वी संबंध आला होता किंवा नव्हता. आणि तो येणे हे बहुधा त्याच्या वडिलांच्या नोकरीवर, शाळेच्या माध्यमावर आणि तो वाढला त्या शहरावर अवलंबून असते. या परिचयाला गुण देणे म्हणजे ज्याच्यापाशी आधीच पुष्कळ आहे त्याच्याच पारड्यात आणखी टाकणे होय, आणि कचेरी जेवढी अनौपचारिक तेवढा हा पक्षपात अदृश्य होतो, कारण ज्या नियमाचा भंग झाला तो कागदावर नसल्यामुळे त्याविरुद्ध दादही मागता येत नाही. जुन्या काळचे लेखी दंडक जाचक होते यात संशय नाही. परंतु ते वाचता येत होते.

म्हणून मुलाखतीची पत्रे ज्यांच्या सहीने निघतात त्या सर्व अधिकाऱ्यांना माझी विनंती आहे की त्यांनी पुढच्या पत्रापासून एक ओळ वाढवावी: 'आमच्याकडे रोजच्या स्वच्छ कपड्यांत यावे, कोट किंवा टाय लागत नाही, आणि घालून आलात तरी हरकत नाही.' आणि त्या ओळीचा उत्तरार्ध मुलाखत घेणाऱ्यांनीही तितक्याच काटेकोरपणे पाळावा.