दाईचे वेतन
(निर्गम २:९)

नदीकाठी सापडलेले बाळ फारोच्या कन्येने सांभाळावयास दिले, तेव्हा वेतनाची गोष्ट तिने आरंभीच काढिली. सांभाळणारी तर बाळाची सख्खी माता; ती फुकटही सांभाळती. तरी वेतन ठरले, आणि तेणेकरून तिच्या प्रीतीस उणेपणा आला नाही.

नंदुरबार जिल्ह्यातून पुष्कळ कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीस गुजरातेत जातात. मागे ठेविलेली लेकरे आजीजवळ, नाहीतर शेजारणीजवळ राहतात. १९७५ साली सुरू झालेल्या योजनेतील अंगणवाडी काही तासच उघडी. उरला दिवस व सगळी रात्र त्या शेजारणीची. "काय द्याल ते द्या," असे ती संकोचाने म्हणते. मग हंगाम सरतो, उचल फिटत नाही, आणि प्रथम तिचेच पैसे बुडतात.

यास्तव, भगिनींनो, लेकरू पदरात घेण्यापूर्वीच बोला: रोजचे किती, भाकर-दूध कोणाचे, दुखण्याखुपण्याचा खर्च कोणी करावा. मंडळीतलाच भाऊ असला तरी बोला. (तेथेच तर जीभ अडते!) गरिबास सूट द्यावी; पण ती तुम्ही द्यावी, त्याने गृहीत धरू नये.

मजुराचे वेतन रात्रभर ठेवून घेऊ नये, असे नियमशास्त्र सांगते (लेवीय १९:१३). ही तर हंगामभर थांबते. तेव्हा बापांनो, मुकादमाकडून उचल घ्याल त्याच दिवशी तिचा वाटा वेगळा काढून तिच्या हाती द्या.