जीर्ण शास्त्राची नवी बांधणी

घरांतील पवित्र शास्त्र वापरून वापरून फाटलें, तर तें पुन्हां बांधून घ्यावें कीं नवें आणावें, हा प्रश्न वरवर पाहतां बाजाराचा दिसतो. दोन ठिकाणीं भाव विचारला म्हणजे उत्तर मिळालें. परंतु एका खेड्यांतील मंडळींत ह्याच प्रश्नावरून दोन सख्खे भाऊ एकमेकांशीं बोलेनासे झाले आहेत. तेव्हां ह्यांत पैशापेक्षां अधिक कांहींतरी आहे असें समजून हा विषय वाचकबंधुभगिनींपुढें मांडीत आहों.

त्यांचे वडील चाळीस वर्षें उपदेशक होते. झोळींत शास्त्र घालून ते पायीं गांवोगांव हिंडत. त्या शास्त्राची पाठ गेली आहे, उत्पत्तीचीं पहिलीं पानें सुटलीं आहेत, आणि स्तोत्रसंहितेचे काठ बोटांच्या घामानें काळे पडले आहेत. समासांत कोणत्या गांवीं कोणत्या वचनावर बोध केला हें बारीक अक्षरांत लिहिलें आहे. आरंभींच्या कोऱ्या पानांवर घरच्यांचे जन्म, बाप्तिस्मे व मृत्यु यांची नोंद आहे. थोरल्यानें तालुक्यास जाऊन चौकशी केली, तों बांधणाऱ्यानें जी रक्कम सांगितली तीत दोन नवीं शास्त्रें येतील. धाकटा म्हणाला, "बाबा असते तर त्यांनीं हे पैसे एखाद्या विधवेच्या घरीं धान्य भरण्यास दिले असते. आजोबांनीं देव्हारा सोडला, तो आपण पुस्तकाचा देव्हारा मांडावा म्हणून काय?"

हें बोलणें कठोर आहे, पण पोकळ नाहीं. लाल फडक्यांत गुंडाळलेली, हळदकुंकू वाहिलेली, आणि कधींही न उघडलेली पोथी आमच्यापैकीं पुष्कळांनीं शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे पाहिली आहे. ख्रिस्ती घरांतही ट्रंकेच्या तळाशीं तसेंच शास्त्र सांपडतें, फक्त हळदकुंकू नसतें. मोशानें पितळेचा सर्प देवाच्या आज्ञेनें केला होता. तरी लोक त्यापुढें धूप जाळूं लागले तेव्हां हिज्कीया राजानें तो फोडून टाकिला, आणि शास्त्र त्याबद्दल त्याला दोष देत नाहीं. यहोयाकीम राजानें यिर्मयाचा ग्रंथपट चाकूनें कापून शेगडींत जाळला, तेव्हां बारूखानें दुसरा पट घेऊन तींच वचनें पुनः लिहिलीं, व त्यांत आणखी भर घातली. देवाचें वचन कागदाच्या आधारानें जगत नाहीं. तेव्हां "हेंच पुस्तक गेलें तर आमचा विश्वास जाईल" असें कोणी म्हणेल, तर धाकट्या भावाचें बोलणें आम्ही त्याला दोनदां ऐकवूं.

पण थोरला तसें म्हणत नाहीं. त्याचें म्हणणें इतकेंच कीं, नव्या शास्त्रांत वचनें तींच मिळतील, परंतु कोरीं पानें कोरींच मिळतील.

येथें थोडें थांबणें अवश्य आहे. आमच्या पुष्कळ मंडळ्यांच्या पूर्वजांचीं नांवें पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांनींच लिहिलीं, तींही दुसऱ्यांच्या वहींत: सावकाराच्या खतावणींत, वेठीला धरलेल्यांच्या यादींत. जन्म केव्हां झाला असें विचारलें तर "त्या दुष्काळाच्या साली" एवढेंच उत्तर. अशा घरांतील माणूस शाळेंत अक्षर शिकला, आणि त्यानें आपल्या लेकीचें नांव, वार, तारीख आपल्या हातानें लिहिली. आणि ती कशांत लिहिली, तर घरांत असलेल्या एकुलत्या एक पुस्तकांत. त्या नोंदींत एका ठिकाणीं चार दिवसांच्या बाळाचें नांव आहे. दुसरीकडे कोठेंही तें नाहीं. उपदेशकाची विधवा, त्या दोघां भावांची आई, तिला वाचतां येत नाहीं; परंतु तें नांव कोणत्या ओळीवर आहे हें तिला ठाऊक आहे. हें पान जपणें म्हणजे मूर्तिपूजा, असें म्हणण्यास आमची जीभ वळत नाहीं.

मोठ्या जगांतही असेंच घडलें आहे. सिनाई पर्वताजवळच्या मठांत सांपडलेली चौथ्या शतकांतील ग्रीक शास्त्राची प्रत १९३३ सालीं ब्रिटिश म्यूझियमनें सोव्हिएत सरकारकडून एक लाख पौंडांस विकत घेतली, आणि त्या रकमेचा मोठा भाग सामान्य लोकांनीं वर्गणीनें दिला. त्याच लोकांना छापील नवा करार थोडक्या नाण्यांत मिळत होता. पण ह्या पानांवर जुन्या लेखकांच्या हातच्या असंख्य दुरुस्त्या आहेत, आणि त्या दुसऱ्या प्रतींत मिळणार नव्हत्या. १९३५ सालीं डग्लस कॉकरेल या कारागिरानें ती प्रत दोन भागांत बांधली. (आमच्या भावांनीं मात्र वांटणीकरितां शास्त्राचे दोन भाग करूं नयेत, शलमोनाचा न्याय आठवावा.)

गरिबांचा प्रश्न उरतोच. बेथानीच्या सुगंधी तेलाची गोष्ट अशा वेळीं कोणीही पुढें करतो, पण प्रत्येक हौशीच्या खर्चावर ती झांकण म्हणून घालणें बरें नव्हे. आमचें मत असें: बांधणीचा पैसा मंडळीच्या वर्गणींतून घेऊं नये, कर्ज काढून देऊं नये, आणि विधवेचा वांटा त्यासाठीं कमी करूं नये. स्वतःच्या कमाईंतून, सणाचा कपडा एक वर्ष न घेतां थोरला तो देत असेल, तर धाकट्यानें त्याला अडवूं नये. मात्र बांधून आलेलें शास्त्र त्या घरच्या प्रार्थनेंत उघडलें जावें. जुन्या भाषांतराची भाषा मुलांना कठीण वाटत असेल तर नवेंही जवळ असावें. पेटींत ठेवण्यासाठींच बांधावयाचें असेल तर धाकट्याचें म्हणणें खरें ठरतें, व धान्य घेणेंच उत्तम.

आतां कामाविषयीं दोन शब्द, कारण चांगल्या हेतूनें दिलेलीं पुस्तकें बिघडून परत आलेलीं आम्हीं पाहिलीं आहेत. पानाचा कोपरा हलकेच दोनदां दुमडून पाहावा. तो तुटून हातीं आला तर कागद शिलाई धरणार नाहीं, आणि प्रामाणिक कारागीर तसें सांगेल. घरीं चिकटपट्टी लावूं नये. ती पिवळी पडते व अक्षरांवर डाग उठवते. शिलाई घडीच्या मधून करावयास सांगावी. कडेनें आरपार टांके घातले तर काम लवकर होतें, पण आंतला समास गिळला जातो व पुस्तक सपाट उघडत नाहीं. खळींत मोरचूद घातला म्हणजे कसर लागत नाहीं, ही आपल्याकडील जुनी रीत आहे. सर्वांत महत्त्वाचें हें कीं, काठ कापूं नयेत असें स्वच्छ बजावावें, नाहींतर यंत्राच्या एका फटक्यांत चाळीस वर्षांचे बोध कचऱ्यांत जातील. जुना पुठ्ठा गेला तर जाऊं द्यावा. आणि आरंभीं चार कोरीं पानें अधिक घालण्यास सांगावें. पूर्वींचीं भरलीं आहेत, व धाकट्याच्या घरीं यंदा पाळणा हालणार आहे.